लिनक्सवर डोंगल चालत नसेल तर: एपीएनला हात लावण्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी

यावल तालुक्यातील एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाचा गेल्या मे महिन्यात मला फोन आला. तोपर्यंत त्याने दोन दिवसांत एपीएन (सिमच्या कंपनीच्या इंटरनेटचे प्रवेशद्वार सांगणारे नाव) सात वेळा बदलला होता, लिनक्स मिंट पुन्हा बसवले होते आणि दुकानातून सिमही बदलून आणले होते. "दादा, आते काय करू?" एवढेच तो विचारत होता. मी त्याला एकच आज्ञा चालवायला सांगितली आणि पडद्यावर आलेली ओळ वाचून दाखवायला लावली. त्याचे डोंगल (सिम घालून यूएसबी पोर्टमध्ये लावायचे इंटरनेटचे साधन) संगणकाला मोडेम म्हणून दिसतच नव्हते, सीडी म्हणून दिसत होते. संगणकाच्या लेखी मोडेमच नसल्यामुळे एपीएन कोणताही टाकला असता तरी काहीच घडले नसते.

बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा पुढील क्रमात असते. डोंगलला आधी पुरेशी वीज मिळावी लागते. मग ते सीडीच्या रूपातून मोडेमच्या रूपात यावे लागते, त्याला योग्य ड्रायव्हर मिळावा लागतो, सिम वाचले जावे लागते आणि टॉवरवर नोंदणी व्हावी लागते. एपीएनचा प्रश्न त्यानंतर येतो आणि संगणकाने नेमक्या याच जोडणीवरून माहिती पाठवण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी. यातील प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी असल्यामुळे खालचा टप्पा निश्चित झाल्याशिवाय वरच्या टप्प्याला हात लावू नये.

आज्ञा वाचण्याबद्दल एक सूचना. पुढे टर्मिनलवरच्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, इंग्रजी आकड्यांसह टंकाव्यात. ‘एलएसयूएसबी’ म्हणजे एल, एस, यू, एस, बी ही अक्षरे सलग. वेगळे सांगितले नसेल तिथे सर्व अक्षरे लहान घ्यावीत, कारण लिनक्स लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानते. सर्व आज्ञा उबुंटू, मिंट, डेबियन आणि डेबियनवर आधारलेल्या बॉस लिनक्सला धरून आहेत.

## तयारी

सिम आधी फोनमध्ये घालून पाहावे. ज्या खोलीत आणि ज्या टेबलावर डोंगल चालवायचे आहे, तिथेच ते सिम फोनमध्ये घालावे, फोनचे वायफाय बंद करावे आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. फोनवरही काही उघडत नसेल तर दोष रिचार्जचा, संपलेल्या डेटाचा किंवा रेंजचा आहे आणि लिनक्समध्ये शोधून तो सापडणार नाही. फोन हातात आहे तोवर सिमचा पिन बंद करून घ्यावा आणि फोनच्या मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसणारा एपीएन अक्षर न अक्षर कागदावर उतरवून घ्यावा.

सावधान: जुन्या डोंगलची खाच मोठ्या आकाराच्या सिमची असते. छोटे सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून आत सरकवताना ते चौकटीतून सुटले तर आतल्या बारीक पिना वाकतात. रिकामी चौकट तर कधीही आत घालू नये. बाहेर ओढताना ती पिनांना अडकते आणि डोंगल कायमचे निकामी होते.

डोंगल कोणत्या पिढीचे आहे हे पाहावे. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण दुरुस्तीला आलेल्या डोंगलपैकी अनेकांचा निकाल इथेच लागतो. कपाटात पडलेली जुनी डोंगल, उदाहरणार्थ हुवेईची ई१७३ किंवा ई३०३, थ्रीजीची आहेत. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच थेट फोरजीवर. तिला टूजी किंवा थ्रीजी कधी नव्हतेच. त्यामुळे थ्रीजी डोंगलमध्ये जिओचे सिम कितीही वेळा काढून घातले तरी टॉवर सापडणार नाही. एअरटेलने २०१९-२० च्या सुमारास थ्रीजी बंद केले आणि टूजी चालू ठेवले, म्हणून त्याच डोंगलमध्ये एअरटेलचे सिम घातले तर नोंदणी होते, दिवा लागतो, जोडणीही होते, पण एक पान उघडायला मिनिटे लागतात. लोक याला लिनक्सचा संथपणा समजतात. विंडोजवर लावले तरी तो वेग तेवढाच राहील.

डोंगल फोरजीचे असले तरी त्याच्या लहरींचे पट्टे पाहावे लागतात. जिओ फोरजीसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरते. परदेशातून कोणी आणून दिलेल्या डोंगलमध्ये यांपैकी १८०० चा पट्टा असतो, पण ८५० आणि २३०० चे नसतात असे वारंवार होते. असे डोंगल जळगाव शहरात उत्तम चालते आणि ८५० च्या टॉवरवर अवलंबून असलेल्या खेड्यात मुके होते. एकाच नावाच्या प्रतिरूपाचे (मॉडेलचे) वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे उपप्रकार असतात, म्हणून नुसते ‘ई३३७२’ एवढे वाचून थांबू नये. झाकणाखालचे पूर्ण नाव शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावे.

उसने इंटरनेट हाताशी ठेवावे. डोंगल चालू करायला लागणारी साधने उतरवून घ्यायलाच इंटरनेट लागते. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करणे. लिनक्स त्याला बहुधा काहीही न विचारता ओळखते. मग ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच मोडेममॅनेजर’ या आज्ञा द्याव्यात. साधने बसली की फोन काढून ठेवावा. तो लावलेला राहिला तर पुढची प्रत्येक चाचणी खोटी ठरेल.

## टप्पा १: वीज आणि पोर्ट

१. डोंगल काढावे. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू’ ही आज्ञा द्यावी. जुना मजकूर सरकून जाईल आणि खिडकी शांत होईल.

२. आता डोंगल थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावावे, हब किंवा लांब केबल मध्ये न घेता.

३. पडद्यावर नवीन ओळी याव्यात. ‘न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ अशा शब्दांची ओळ दिसली तर विजेचा टप्पा पार झाला असे समजावे.

काहीच ओळ न आल्यास दुसरा पोर्ट वापरून पाहावा. ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ असलेल्या ओळी पुन्हा पुन्हा आल्या, किंवा डोंगल जोडले जाऊन लगेच ‘डिस्कनेक्ट’ झाले, तर संशय वीज, केबल किंवा पोर्टवर घ्यावा, सॉफ्टवेअरवर नाही. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर प्रवाह देतो आणि दूरच्या टॉवरला साद घालताना डोंगलला तेवढाही अपुरा पडू शकतो. डेस्कटॉप संगणक असेल तर पुढचे पोर्ट आतल्या बारीक तारेने जोडलेले असतात, म्हणून मागच्या बाजूचा पोर्ट वापरावा. हब वापरावाच लागला तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा.

तपासणी: डोंगल लावून दोन मिनिटे हात न लावता ठेवावे. या काळात ‘डिस्कनेक्ट’ची ओळ एकापेक्षा जास्त वेळा आली तर पुढे जाऊ नये. सीडीचे रूप सोडताना डोंगल एकदा तुटून पुन्हा जोडले जाते. ते एकदाचे तुटणे योग्य आहे.

## टप्पा २: डोंगल सीडीच्या रूपात अडकले आहे का

बहुतेक डोंगलच्या पोटात विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर साठवलेले असते. लावताच डोंगल आपण सीडी आहोत असे संगणकाला सांगते, जेणेकरून विंडोज ते सॉफ्टवेअर वाचून बसवून घेईल. लिनक्सला त्या सीडीचा उपयोग नसतो, म्हणून ‘यूएसबी-मोडस्विच’ हे साधन डोंगलला विशिष्ट संदेश पाठवते आणि डोंगल मोडेमचे रूप घेते.

१. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक ओळीत चार-चार चिन्हांच्या दोन गटांची ओळख असते. पहिला गट कंपनीचा: हुवेईचा १२डी१ आणि झेडटीईचा १९डी२. दुसरा गट त्या क्षणीच्या रूपाचा. ही ओळख कागदावर लिहून घ्यावी.

२. ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा द्यावी. डोंगलच्या ओळींमध्ये फक्त ‘यूएसबी-स्टोरेज’ हा एकच ड्रायव्हर दिसला तर डोंगल अजून सीडीच आहे.

३. तसे असेल तर डोंगल काढून, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावावे आणि वीस सेकंदांनी दोन्ही आज्ञा पुन्हा द्याव्यात. साधन बसवल्यानंतर डोंगल एकदा काढून लावावेच लागते, आणि नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात.

ओळखीचा दुसरा गट बदलला की रूप बदलले असे समजावे. उदाहरणार्थ हुवेईची काही डोंगल १२डी१:१४४६ वरून १२डी१:१००१ वर जातात, काही १२डी१:१एफ०१ वरून १२डी१:१४डीसी वर. यावलच्या त्या तरुणाच्या डोंगलची ओळख १४४६ वर अडकलेली होती. त्याने लिनक्स नव्याने बसवताना इंटरनेट नव्हते, त्यामुळे मोडस्विच आलेच नव्हते. फोनचे टेदरिंग चालू करून साधन बसवले, डोंगल काढून लावले, आणि चार मिनिटांत काम झाले.

आपोआप रूप न बदलल्यास आधी ‘इजेक्ट /डेव्ह/एसआर०’ ही आज्ञा देऊन पाहावी. सीडी बाहेर काढण्याचा आदेश मिळाला की अनेक डोंगल स्वतःहून मोडेम होतात. संगणकात खरा सीडी ड्राइव्ह असेल तर शेवटचा आकडा १ असू शकतो. तेवढ्याने न भागल्यास आणि ओळख १२डी१:१एफ०१ असल्यास ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -जे -व्ही १२डी१ -पी १एफ०१’ ही आज्ञा द्यावी, यातील जे हे अक्षर मोठे.

सावधान: डोंगलमधली सीडी कायमची बंद करणारे एटी आदेश (मोडेमला थेट दिले जाणारे आदेश) जुन्या लेखांत सापडतात. ते डोंगलच्या स्मृतीत बदल करतात आणि प्रत्येक प्रतिरूपावर त्यांचा परिणाम सारखा नसतो. मोडस्विच काम करत असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

## टप्पा ३: आपले डोंगल कोणत्या जातीचे आहे

इथे वाट दुभंगते. काही डोंगल लिनक्सला शुद्ध मोडेम म्हणून दिसतात. नंबर, सिम, एपीएन सारे संगणकाला सांभाळावे लागते. काही डोंगल स्वतःच छोटे राउटर असतात आणि संगणकाला नुसते नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात. सिम आणि एपीएन ती स्वतः सांभाळतात. हुवेईची हायलिंक मालिका या दुसऱ्या जातीची आहे आणि केबलने जोडलेले जिओफायही तसेच वागते.

‘एलएसयूएसबी -टी’ पुन्हा पाहावे. ‘ऑप्शन’, ‘क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन’, ‘सीडीसी_एमबीआयएम’ किंवा ‘हुवेई_सीडीसी_एनसीएम’ यांपैकी ड्रायव्हर असेल तर पहिली जात. फक्त ‘सीडीसी_ईथर’ किंवा ‘आरएनडीआयएस_होस्ट’ असेल तर बहुधा दुसरी जात.

दुसऱ्या जातीच्या डोंगलसाठी टप्पा ४ ते ६ मधले आदेश लागू होत नाहीत. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडावा (हुवेई हायलिंकचा हा नेहमीचा पत्ता आहे), तिथेच सिमची स्थिती, रेंज आणि एपीएन दिसतात आणि तिथेच ते बदलता येतात. मोडेम मॅनेजरमध्ये (मोडेम सांभाळणाऱ्या लिनक्सच्या साधनात) हे डोंगल दिसत नाही म्हणून ते बिघडले आहे असे समजून मागच्या टप्प्यांवर परत जाणे ही फार मोठी वेळखाऊ चूक आहे.

पहिल्या जातीत ‘एलएस /डेव्ह/टीटीवाययूएसबी*’ ही आज्ञा दिल्यावर टी-टी-वाय-यू-एस-बी या नावाचे दोन, तीन किंवा अधिक पोर्ट दिसतात (टी, टी, वाय लहान, यू, एस, बी मोठे). एकाच डोंगलचे इतके पोर्ट कसे, असा प्रश्न पडतो. एक डेटासाठी, एक आदेशांसाठी आणि एखादा कंपनीच्या तपासणीसाठी असतो. क्यूएमआय किंवा एमबीआयएम पद्धतीच्या डोंगलमध्ये याऐवजी ‘/डेव्ह/सीडीसी-डब्ल्यूडीएम०’ दिसते, तेही बरोबरच आहे.

## टप्पा ४: मोडेम मॅनेजर आणि सिम

१. ‘एमएमसीएलआय -एल’ ही आज्ञा द्यावी, यातील शेवटचा एल मोठा. डोंगलचे नाव आणि शेवटी एक क्रमांक दिसेल. लावल्यापासून अर्धा-पाऊण मिनिट थांबावे, कारण मोडेम मॅनेजर प्रत्येक पोर्टला प्रश्न विचारून पाहतो आणि त्याला वेळ लागतो. दहा सेकंदांत ‘नो मोडेम्स’ आले म्हणून घाईने डोंगल ओढून काढणारे लोक ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

२. तो क्रमांक घेऊन ‘एमएमसीएलआय -एम ०’ अशी आज्ञा द्यावी. डोंगल काढून लावले की क्रमांक बदलतो; काल ० होता म्हणून आजही ० असेल असे गृहीत धरू नये.

३. आलेल्या मजकुरात ‘स्टेट’ ही ओळ शोधावी. ‘फेल्ड’ आणि कारण ‘सिम-मिसिंग’ असेल तर सिम काढून, सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसून, कापलेला कोपरा खाचेवरच्या चित्राप्रमाणे ठेवून पुन्हा बसवावे. ‘लॉक्ड’ असेल तर सिमला पिन आहे. ‘डिसेबल्ड’ असेल तर घाबरू नये, मोडेम अजून जागे केलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘एमएमसीएलआय -एम ० -ई’ ही आज्ञा ते जागे करते.

सावधान: पिन अंदाजाने टाकू नये. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर सिम पीयूके (अडकलेले सिम उघडण्याचा कोड) मागते आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचे जाते. किती प्रयत्न उरले आहेत हे वरच्याच मजकुरात ‘अनलॉक रिट्राइज’ या ओळीत लिहिलेले असते.

एका गोष्टीचा इथे वेगळा उल्लेख करतो. ‘डब्ल्यूव्हीडायल’ वापरून ‘*९९#’ हा नंबर फिरवण्याची पद्धत अनेक जुन्या लेखांत आहे आणि शिकवणारेही ती अजून शिकवतात. ती चुकीची नाही, पण मोडेम मॅनेजर चालू असताना ती वापरली तर एकाच पोर्टवर दोघे बोलू लागतात आणि दोघांनाही अर्धवट उत्तरे मिळतात. दोहोंपैकी एकच निवडावे. मिनिकॉम या टर्मिनलमधल्या साधनातून हाताने एटी आदेश द्यायचे असतील तर आधी ‘सुडो सिस्टीमसीटीएल स्टॉप मोडेममॅनेजर’ अशी आज्ञा द्यावी (दोन्ही एम मोठे) आणि काम झाल्यावर स्टॉपच्या जागी स्टार्ट लिहून तो पुन्हा चालू करावा.

## टप्पा ५: टॉवरवर नोंदणी

‘एमएमसीएलआय -एम ०’ च्या मजकुरात आता तीन ओळी पाहाव्यात: ‘सिग्नल क्वालिटी’, ‘ॲक्सेस टेक’ (जाळ्याची पिढी) आणि ‘रजिस्ट्रेशन’ (नोंदणी).

रजिस्ट्रेशन ‘होम’ असेल तर पुढच्या टप्प्यावर जावे. ‘सर्चिंग’वर तीन मिनिटांहून अधिक काळ थांबले असेल तर रेंज नाही किंवा तयारीत सांगितलेला पिढीचा, पट्ट्याचा प्रश्न आहे. ‘डिनाइड’ असेल तर टॉवर सापडला आहे पण त्याने सिम नाकारले आहे; सिम चालू झालेले नाही किंवा बंद केले गेले आहे. अशा वेळी संगणक सोडून सिमच्या कंपनीशी बोलावे.

‘रोमिंग’ या उत्तराकडे खानदेशात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण आपला प्रदेश दोन राज्यांच्या सीमेला लागून आहे. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरच्या दिशेने, शिरपूरहून सेंधव्याच्या रस्त्यावर, किंवा ज्या गावाचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे त्या नवापूरला, डोंगलला पलीकडच्या राज्यातील टॉवर जास्त जवळचा वाटू शकतो. मोबाईल कंपन्यांची मंडळे राज्यांनुसार पाडलेली असल्यामुळे नोंदणी ‘रोमिंग’ अशी दिसते. जोडणीच्या सेटिंगमध्ये रोमिंगला परवानगी नसेल तर नोंदणी होऊनही जोडणी होत नाही, आणि वापरणाऱ्याला वाटते की एपीएन चुकला. सेटिंगमध्ये रोमिंगच्या परवानगीची खूण आहे का, एवढे पाहिले की हा प्रश्न सुटतो.

रेंजचा विचार आकड्यांनी करावा. दिव्याच्या रंगावर विसंबू नये. मिनिकॉममध्ये ‘एटी+सीएसक्यू’ (सर्व अक्षरे मोठी) विचारल्यावर ० ते ३१ मधला आकडा येतो. ९९ म्हणजे मोजता आले नाही. त्या आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) मिळतात: १० म्हणजे -९३, २० म्हणजे -७३. दहाच्या खालचा आकडा असेल तर आधी जागा बदलावी, सेटिंग नंतर पाहावे.

आपल्याकडची धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड राहतात ती त्यांच्या जाड मातीच्या भिंतींमुळे आणि वरच्या मातीच्या थरामुळे. त्याच भिंती लहरीही अडवतात. चोपड्याकडच्या अशा एका घरात मी आतल्या खोलीत आकडा मोजला तो ६ होता. दीड मीटरच्या चांगल्या यूएसबी केबलने डोंगल ओसरीच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधले, तेव्हा तो १७ झाला. दुसरे काहीही बदलले नव्हते. केबल मात्र आखूड आणि जाड तारेची घ्यावी. पाच मीटरची स्वस्त केबल घेतली तर रेंज मिळते आणि वीज कमी पडते, म्हणजे आपण टप्पा १ वर परत येतो. पत्र्याच्या खोलीतही हाच उपाय लागू पडतो. धडगाव, मोलगीकडे सातपुड्याच्या दऱ्यांत डोंगर आड येत असेल तर खिडकीची दिशा बदलण्याने मोठा फरक पडतो, म्हणून डोंगल एका जागी दोन मिनिटे ठेवून, आकडा लिहून, मगच पुढच्या जागी न्यावे.

## टप्पा ६: एपीएन आणि जोडणी

आता एपीएनची वेळ आली. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस.कॉम’ आणि बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’, सर्व लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. फोनमधून उतरवलेला एपीएन यापेक्षा वेगळा असेल तर फोनमधलाच खरा मानावा. नाव आणि पासवर्डच्या चौकटी रिकाम्या सोडाव्यात.

१. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मोबाईल ब्रॉडबँडची जुनी अर्धवट नावे असतील तर ती सर्व काढून टाकावीत. सात वेळा प्रयत्न केलेल्या संगणकात सात जोडण्या साचलेल्या असतात आणि आपोआप जोडताना नेमकी चुकीची जोडणी पुढे येते.

२. नवी जोडणी एकच करावी: ‘एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप जीएसएम आयएफनेम '*' कॉन-नेम डोंगल एपीएन’ आणि त्यापुढे आपला एपीएन.

३. ‘एनएमसीएलआय रेडिओ डब्ल्यूडब्ल्यूएएन ऑन’ आणि मग ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप डोंगल’ या आज्ञा द्याव्यात.

तपासणी: ‘एमएमसीएलआय -एम ०’ मध्ये स्टेट ‘कनेक्टेड’ झाली का पाहावे. न झाल्यास ‘जर्नलसीटीएल -यू मोडेममॅनेजर -एफ’ चालू ठेवून (पुन्हा दोन्ही एम मोठे) जोडणी परत करावी. कारण त्याच मजकुरात येते.

## टप्पा ७: जोडले गेले, पण काहीच उघडत नाही

आधी वायफाय आणि लॅनची तार दोन्ही बंद करावीत. मग ‘आयपी राउट’ ही आज्ञा देऊन ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी पाहाव्यात. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर ज्या ओळीचा ‘मेट्रिक’ लहान, तिच्यावरून सारी माहिती जाते. नेटवर्क मॅनेजर लॅनला १००, वायफायला ६०० आणि मोडेमला ७०० च्या आसपासचा मेट्रिक देतो. याचे दोन उलटे परिणाम होतात. शुद्ध मोडेम लावले आणि इंटरनेट बंद पडलेल्या राउटरचे वायफाय जोडलेले राहिले, तर संगणक त्या मेलेल्या वायफायकडेच जात राहतो. हायलिंक डोंगल मात्र लॅन कार्ड म्हणून मोजले जात असल्यामुळे ते चांगले चालणारे वायफायही बाजूला सारते आणि डेटा पॅक नकळत संपतो.

हायलिंकबाबत आणखी एक अडचण पत्त्यांची. घरातील वायफाय राउटर आणि डोंगल दोघांनीही एकाच गटातले पत्ते वाटले, तर संगणकाला उत्तर कोठे पाठवावे हे कळत नाही. डोंगलच्या पानावर जाऊन त्याचा पत्त्यांचा गट बदलावा.

मार्ग बरोबर असल्यास ‘पिंग -सी ४ ८.८.८.८’ ही आज्ञा द्यावी. उत्तर येते पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असे असेल तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा); जोडणीच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा डीएनएस लिहून जोडणी तोडून परत करावी. पिंगलाही उत्तर नसेल आणि सिम जिओचे असेल तर जोडणीत आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेले नाही ना, ते पाहावे. वेग वाढतो अशा समजुतीने अनेक जण ते बंद करतात, पण जिओचे जाळे मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६वरच चालते. छोटी पाने उघडतात आणि सरकारी पोर्टलवर कागदपत्र चढवताना चक्र फिरत राहते, असे होत असेल तर जोडणीतील एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार) १४०० करून पाहावा.

विहिरीवरचा कॅमेरा डोंगलच्या जोडणीवर बसवून शहरातून पाहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. डोंगल, लिनक्स, सेटिंग सारे निर्दोष असूनही हे होणार नाही. कॅमेऱ्यानेच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करावी, अशी व्यवस्था लागते.

## टप्पा ८: चालते, पण मधूनच तुटते

तुटण्याच्या वेळा तीन दिवस कागदावर लिहाव्यात. काम न करता संगणक तसाच ठेवल्यावर तुटत असेल तर वीज वाचवण्याची सोय डोंगलला झोपवते. टीएलपी हे साधन बसवलेले असेल तर त्याच्या सेटिंगमधील यूएसबी ऑटोसस्पेंड ० करून संगणक पुन्हा सुरू करावा. मोठी फाइल चढवताना तुटत असेल तर वीज कमी पडते. दुपारी एक ते पाचच्या दरम्यानच तुटत असेल तर कारण उष्णता आहे. भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, डोंगल स्वतः तापते ते वेगळेच, आणि अनेक लॅपटॉपची गरम हवा नेमकी पोर्टशेजारून बाहेर पडते. डोंगल आखूड केबलवर घेऊन लॅपटॉपपासून वीतभर दूर, सावलीत ठेवावे. खिडकीला बांधलेले असेल तर त्यावर थेट ऊन येत नाही हे दुपारी जाऊन पाहावे. सकाळी बांधताना तिथे सावली असते.

एवढे करूनही अडलेच, तर मदत मागताना पाच गोष्टी एकत्र द्याव्यात: झाकणाखालचे पूर्ण नाव, ‘एलएसयूएसबी’ आणि ‘एलएसयूएसबी -टी’ यांचा मजकूर, डोंगल लावल्यानंतरच्या ‘डीएमईएसजी’च्या ओळी, ‘एमएमसीएलआय -एम’चा मजकूर आणि ‘आयपी राउट’चा मजकूर. पडद्याचा तिरका फोटो काढू नये, मजकूर फाइलमध्ये उतरवून द्यावा. मोडेम मॅनेजरच्या मजकुरात डोंगलचा पंधरा आकडी आयएमईआय आणि कधी कधी आपला मोबाईल नंबरही असतो. पाठवण्यापूर्वी ते आकडे खोडावेत.